हरणाऱ्या संघातली पोरं

२०१५ साली हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबईने नव्याने सुरुवात केली. त्याआधी ‘मुंबई मॅजिशियन्स’ हा संघ होता. पहिल्या वर्षी, २०१३ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ यांच्यासारखा नावाजलेला प्रशिक्षक असूनही तो तळाला राहिला आणि २०१४ नंतर बंदच झाला. त्याच्या जागी ‘दबंग मुंबई’ आली आणि लिलावात तिने ५१,००० डॉलर मोजून हरमनप्रीत सिंग घेतला. अमृतसरजवळच्या तिम्मोवाल गावचा, जालंधरच्या सुरजित अकादमीत तयार झालेला हा पोरगा तेव्हा भारताच्या मुख्य संघातून एकही सामना खेळला नव्हता.

नेरुळला राहणारा एक प्रशिक्षक आपल्या मुलांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. हार्बर लोकलने सीएसएमटी आणि तिथून खांद्यावर स्टिकच्या बॅगा घेऊन चालत चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम, हा त्यांचा नेहमीचा रस्ता. टर्फ मिळते ती ठरलेल्या वेळेपुरती, त्यामुळे बरंचसं शिकवणं गाडीतच होतं. पालक विचारतात, “सर, आमच्या पोराला मॅचमध्ये कधी उतरवणार?” मुलाला नुसतं उतरवायला त्याची ना नसते. उतरल्यावर त्याने नेमकं काय करायचं, हे मात्र आधी ठरलेलं असावं लागतं.

पेनल्टी कॉर्नर हे असं नेमकं काम आहे. एकजण गोलरेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा ‘डी’च्या बाहेर तो थांबवतो आणि तिसरा स्टिकवर ओढत नेऊन फ्लिक करतो. गोलावरचा पहिला प्रयत्न फटक्याचा असेल, तर चेंडू गोलरेषेपाशी ४६ सेंटीमीटरच्या वर जाऊन चालत नाही. फ्लिकला हे बंधन नाही, म्हणूनच ड्रॅग-फ्लिकरला एवढी मागणी. समोर बचावाला गोलरक्षक धरून पाचच जण. मैदानावरच्या बाकी गोंधळापेक्षा हे काम वेगळं आहे, कारण ते घोटून घोटून पक्कं करता येतं. अठरा वर्षांच्या मुलाला अख्खा सामना वाचायला सांगितलं तर तो गांगरतो. पण हा एक कोपरा आणि हे एक मनगट तुझं, असं सांगितलं की त्याचे पाय स्थिर होतात. हरमनप्रीतचा मोठ्या संघातला प्रवेश याच दारातून झाला.

दुसरी सोय हॉकीच्या नियमांतच आहे. फुटबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपतो. हॉकीत बदली कितीही वेळा करता येते. नवखा मुलगा तीन मिनिटं खेळतो, बाकावर येतो, श्वास घेतो, दोन वाक्यं ऐकतो आणि परत आत जातो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत असं अनेकदा करता येतं. नेरुळचे हे सर नवख्याला बहुधा दुसऱ्या सत्रात, चेंडू आपल्याकडे असताना पाठवतात आणि त्याच्या मागे हमखास एखादा जुना, शांत गडी ठेवतात. मुंबईच्या संघातही असे गडी होते: गोलमध्ये आयर्लंडचा डेव्हिड हार्ट, आघाडीला जर्मनीचा फ्लोरियन फुक्स. मागून हार्टसारखा माणूस ओरडून जागा दाखवत असेल, तर एकोणीस वर्षांच्या बचावपटूची निम्मी भीती तिथेच जाते.

तरीही संघ हरत होता. २०१५ गेलं, २०१६ गेलं, मुंबईला उपांत्य फेरी दिसली नाही. त्यातच २०१६ पासून मैदानी गोल दोन गोलांच्या मोलाचा धरला जाऊ लागला आणि पेनल्टी कॉर्नरवरचा गोल एकाचाच राहिला. नुसत्या फ्लिकवर जागा टिकवणं अवघड झालं. बचावही तेवढाच चोख हवा झाला. अशा वेळी पोराला सोडून तयार, महागडा खेळाडू आणायचा मोह कुठल्याही मालकाला होतो. मुंबईने हरमनप्रीतला सोडलं नाही, आणि त्या संघाची सगळ्यात मोठी करामत हीच होती. ती फलकावर दिसत नाही म्हणून तिच्याविषयी फारसं कोणी लिहीत नाही. दरम्यान हरमनप्रीत रिओ ऑलिम्पिक खेळून आला. डिसेंबर २०१६ मध्ये लखनौला भारताने बेल्जियमला २-१ हरवून ज्युनियर विश्वचषक जिंकला. त्या विजयी संघात तो होता आणि मणिपूरचा नीलकांत शर्माही. दोघेही पुढच्याच महिन्यात मुंबईच्या जर्सीत उतरले. २६ फेब्रुवारी २०१७ ला चंदीगडमध्ये दबंग मुंबई अंतिम सामना खेळली आणि कलिंगा लान्सर्सकडून ४-१ हरली.

मुंबईकर म्हणून एक सल राहतेच. मरीन लाइन्सच्या वस्तीत वाढलेल्या युवराज वाल्मीकीने २०११ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल मारला, पण लीगच्या पहिल्या वर्षी तो दिल्लीकडून खेळला. धाकटा भाऊ देविंदर पुढे कलिंगाकडे गेला. घरच्या टर्फवर घडलेली मुलं घरच्या संघात मुरलेली बघायला मिळाली नाहीत.

आणि मग लीगच थांबली. २०१७ नंतर ती थेट २०२४ च्या डिसेंबरात परतली. हरमनप्रीत तोवर टोकियोचं कांस्य घेऊन, पॅरिसमध्ये कर्णधार म्हणून दुसरं कांस्य आणि सर्वाधिक दहा गोल करून आला होता. नव्या लिलावात ७८ लाखांसह तोच सगळ्यात महाग ठरला. पण २०१७ मध्ये जी मुलं सतरा वर्षांची होती, त्यांची संघात रुजण्याची वर्षं रिकामी गेली. ती कोणी भरून देणार नाही, आणि याचा राग यायलाच हवा.

नव्या लीगच्या पहिल्या हंगामात प्रत्येक संघात चोवीसपैकी किमान चार ज्युनियर खेळाडू सक्तीचे झाले. नियम चांगला होता. पण पुरुषांच्या त्या आठ संघांत मुंबई नव्हती. त्यामुळे नेरुळच्या मुलांना आता पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीची वाट दाखवली जाते. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे तिथूनच भारताच्या संघापर्यंत गेल्या. सर मुलांना दोन-दोन जागा शिकवू लागले आहेत: बचावपटूने कॉर्नरवर चेंडू थांबवायचा, आघाडीच्या मुलाने गोलरेषेवरून ढकलायचा. अनोळखी संघात, अनोळखी प्रशिक्षकापुढे “तुला काय येतं?” असा प्रश्न आला, तर पोराकडे सांगण्यासारखं एक नेमकं काम असावं, एवढ्यासाठी चर्चगेटला सरावाची शेवटची पंधरा मिनिटं फक्त कॉर्नरची असतात.