तिळाएवढा धनी

शार्ङ्गधराने त्याचं माप दिलं आहे: तिळाएवढं. अग्न्याशयात तिळाएवढं पित्त अग्नीच्या रूपात राहतं, इतकं सांगून तो पुढच्या विषयाकडे वळतो. या तिळाच्या भरवशावर चरकाने मात्र केवढा संसार उभा केला आहे! बळ, कांती, उत्साह, अंगाची ऊब, इतकंच काय, प्राणसुद्धा त्याच्याच आसऱ्याला. तो विझला की माणूस गेला. तो ठीक असला तर माणूस निरोगी राहून पुष्कळ जगतो, आणि तो बिघडला की आजारी पडतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला पंधरावा अध्याय ग्रहणीच्या विकारांचा. त्याची सुरुवातच या हिशेबाने होते.

जठराग्नीचं घर बेंबीच्या वर, ग्रहणीत. ग्रहणी ही त्याची घरधनीण. कच्चं अन्न ती अडवून धरते, पचलेलं पुढे सोडते. तिला बळ त्याच्याकडून मिळतं, त्याला आधार तिचा असतो. म्हणून तो एकटा कधी आजारी पडत नाही. तो खंगला की तीही सैल होते, अन्न अर्धकच्चं खाली सुटतं, कधी पातळ, कधी बांधून, आणि वैद्य त्या दुखण्याला तिचंच नाव देतात. शेजारी समान वायू राहतो. त्याच्याकडे फुंकर घालायचं काम.

घराबाहेर याचे बारा भाऊबंद आहेत. पाच भूताग्नी, म्हणजे अन्नातल्या पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या अंशांना आपलंसं करणारे. आणि सात धात्वग्नी, रसापासून शुक्रापर्यंत प्रत्येक धातूत एकेक. आज ज्याला आपण चयापचय म्हणतो त्यातलं बरंचसं काम या सातांच्या वाट्याला येतं. पण सगळे बळ घेतात ते थोरल्याकडून. तो वाढला की ते वाढतात, तो मंदावला की तेही मंदावतात. ‘पोर खातं पण अंगी लागत नाही’ अशी तक्रार घेऊन आई येते, तेव्हा जुना वैद्य टॉनिकच्या बाटलीकडे हात नेण्याआधी पोराची जीभ बघतो आणि भुकेची चौकशी करतो. अंगी न लागण्याचं मूळ तो थोरल्याच्या घरात शोधतो.

जठराग्नीचे स्वभाव चार सांगितले आहेत. कफाच्या माणसात तो मंद: थोडं खाल्लं तरी जड होतं, दुपारी डोळे मिटतात, सकाळी उठल्यावरही रात्रीचं जेवण पोटातच असल्यासारखं वाटतं. पित्ताच्या माणसात तीक्ष्ण: भरपेट जेवलेलं बघता बघता जिरतं, आणि जेवण लांबलं की घसा, ओठ, टाळू सुकून माणूस चिडचिडा होतो. सम अग्नी योग्य वेळी योग्य अन्न बिनबोभाट पचवतो. त्याच्याबद्दल ग्रंथातही फारसं लिहिलेलं नाही. माझं लक्ष वेधून घेतो तो चौथा, वाताचा विषम अग्नी. आज दोन भाकऱ्या पचवेल, उद्या वाटीभर वरणभाताने पोट फुगेल, परवा मुरडा येईल. हा माणूस पदार्थावर संशय घेत राहतो. वांगं सोडतो, मग हरभऱ्याची डाळ, मग दूध. ताट रिकामं होत जातं तरी गुण येत नाही, कारण आजार ताटात नसतोच. वेळेवर गरम, थोडं तुपातलं जेवण आणि वेळेवर झोप, एवढ्यानेही हा अग्नी सावरू लागतो.

तुपाचं नाव निघालंच आहे तर एका जुन्या वादाबद्दल सांगितलं पाहिजे. पित्ताहून वेगळा असा अग्नी शरीरात आहे का, हा प्रश्न सुश्रुताने सूत्रस्थानात उघडपणे मांडला, आणि पित्तावाचून दुसरा अग्नी सापडत नाही असं उत्तर दिलं. मग टीकाकारांपुढे अडचण आली. तुपाने पित्त शमतं आणि त्याच तुपाने अग्नी पेटतो. दोघे एकच असते तर हे कसं घडलं असतं? उलगडा असा, की पित्तात उष्णता आहे तसा द्रवपणाही आहे, आणि अग्नी म्हणजे त्यातलं तेज. पित्त पातळ होऊन वाढलं तर स्वतः उष्ण असूनही ते अग्नीला बुडवतं. आपल्याकडे ‘पित्त झालंय’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं. छातीत जळजळ, घशाशी आंबट, डोकं ठणकतंय. आणि एवढं जळतंय म्हणजे अग्नी जोरात असणार, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात अशा माणसाचं दुपारचं अन्न रात्रीपर्यंत तसंच पडून असतं. जळजळ ही अग्नीच्या बळाची खूण मानणं हा मोठा गैरसमज आहे. दुबळ्या अग्नीला उठवायला स्नेहासारखं दुसरं काही नाही, असं चरक म्हणतो. वरणभातावरची तुपाची धार आणि तूप घालून पहिल्या घासाला घेतलेलं हिंगाष्टक चूर्ण यांच्यामागे हाच विचार आहे.

या तिळाएवढ्या धन्याची सगळ्यांत विलक्षण हकीकत तापातली आहे. सामान्य समजुतीने ताप म्हणजे अंगात आग वाढणं. आयुर्वेदाने त्याचं चित्र वेगळंच काढलं. बिघडलेले दोष आमाशयात शिरतात, आमाशी, म्हणजे न पचता साचलेल्या अन्नरसाशी, मिसळतात, रसाच्या आणि घामाच्या वाटा बंद करतात आणि अग्नीला त्याच्या घरातून बाहेर ढकलतात. तो बेघर होऊन सर्वांगभर भटकतो. म्हणून कपाळ तापतं, हातपाय तापतात, घाम येत नाही, आणि पोटात मात्र कोणीच नसतं. अन्नावरची वासना उडते ती याच कारणाने. आता या मोकळ्या घरात पोळीभाजी पाठवून काय होणार? ती तिथेच कुजेल आणि आम वाढेल. म्हणून सुरुवातीला लंघन, मग पेज. तापलेल्या माणसाला ‘दोन घास खा, अंगात ताकद येईल’ असं प्रेमाने सांगणाऱ्यांना हे चित्र एकदा समजावून सांगावंसं मला फार वाटतं. आजारी माणसाची अरुची हा हट्ट नाही. धनी घरी नाही, हे शरीराने दिलेलं उत्तर आहे.

ऋतूंशी त्याचं जवळचं नातं आहे. हेमंतात बाहेरच्या गारठ्याने तो आत कोंडला जातो आणि बळावतो. त्या दिवसांत त्याला पुरेसं जड अन्न मिळालं नाही तर तो शरीरातला रसच खाऊ लागतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांगं-गाजर-पावट्याची मिसळीची भाजी. त्याआधीपासून डब्यात डिंकाचे आणि मेथीचे लाडू: थंडीतलं आपलं ताट त्याच्या भुकेला साजेसंच आहे. पावसाळ्यात तो सगळ्यांत दुबळा. चातुर्मासातले एकभुक्ताचे नेम या काळात येतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. तेच व्रत साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर पार पडतं, तेव्हा विसाव्याच्या दिवशी त्या बिचाऱ्यावर दुप्पट ओझं पडतं.

मनाचं तो सगळं ऐकतो. पथ्याचं आणि मोजकं अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, राग आणि जागरण यांच्यामुळे पचत नाही, असं चरकाच्या विमानस्थानात आहे. अमेरिकेच्या लष्करातला शल्यवैद्य विल्यम ब्यूमाँट याला ते डोळ्यांनी पाहायला मिळालं. 1822 मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली, जखम भरली पण जठरात उघडणारं भोक तसंच राहिलं. त्यातून ब्यूमाँटने अनेक वर्षं पचन न्याहाळलं आणि 1833 मध्ये आपली निरीक्षणं छापली. राग आणि भीतीने पाचकरसात पडणारा फरक त्यांत नोंदलेला आहे. तरीही जठरातलं आम्ल म्हणजेच जठराग्नी, हे समीकरण मला पटत नाही. अन्न जिरल्याच्या खुणा माधवनिदानात दिल्या आहेत: ढेकर शुद्ध, मनाला उत्साह, मलमूत्र वेळेवर, अंग हलकं, मग भूक आणि तहान. यांतला उत्साह कुठल्या परीक्षानळीत मोजणार? ही ओळख माणसाने स्वतःच्या अंगावरच वाचायची आहे.

आणि नेमकी तीच सवय आपण घालवली. अमुक धान्यात किती प्रथिनं, तमुक फळात कोणतं जीवनसत्त्व, हे आपल्याला तोंडपाठ असतं. ते पचवणाऱ्याची चौकशी मात्र कोणी करत नाही. दिवसातून दोनदाच खावं की दर दोन तासांनी, यावर मध्यंतरी अख्खा महाराष्ट्र वाद घालत होता. दोन्ही बाजूंना माणसं होती, आकडे होते, अनुभव होते. चरकाचं म्हणणं साधं आहे: आधीचं जिरल्यावर जेवावं. न जेवण्याने अग्नी पेटत नाही आणि अति जेवण्यानेही नाही. घड्याळ दोघांचं सारखं असलं तरी जठराग्नी दोघांचा सारखा नसतो, तेव्हा एका घरात राहणाऱ्या दोन भावांनासुद्धा एकच नियम लावता येणार नाही.

त्याचा कोपही ग्रंथांनी पाहिलेला आहे. कफ फार झिजला आणि वाताची साथ मिळाली की तो अत्यग्नी होतो. अन्न संपलं की धातू खायला लागतो, माणूस सारखा खातो आणि सारखा खंगतो. अशा वेळी नेहमीचे नियम उलटे होतात. जड, थंड, स्निग्ध पदार्थ, म्हशीचं दूध, खीर, आणि आधीचं जिरलेलं नसतानाही पुन्हा खाणं, हे औषध. इतर सगळ्या आजारांत ज्याला फुंकर घालायची, त्याला इथे दमवायचं असतं.

वमन-विरेचनानंतर तो अगदी क्षीण झालेला असतो. नुकत्या पडलेल्या ठिणगीला आधी गवताची काडी, मग गोवरी आणि शेवटी लाकूड द्यावं, तसं अन्न चढवत न्यायला चरकाने सिद्धिस्थानात सांगितलं आहे. शुद्धी उत्तम झाली असेल तर हा क्रम बारा जेवणांचा. पहिली तीन पातळ पेजेची. पुढची तीन दाट विलेपीची. मग मुगासारख्या कडधान्याचं कढण, आधी बिनफोडणीचं आणि नंतर तूप-मीठ-सुंठ घातलेलं; शेवटी मांसरस, तोही असाच दोन पायऱ्यांनी. घाईने मधली पायरी गाळायची नाही. बारा जेवणं झाली की तेराव्याला नेहमीचं ताट वाढायचं, पण त्याआधी रोग्याला विचारायचं: भूक लागली आहे का?