थरथरणारा हात

धार आणि देवास म्हणजे माळव्यातली पवारांची संस्थानं. मराठी घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. बेळगावकडचे कुमार गंधर्व १९४७च्या सुमारास क्षयाने आजारी होऊन देवासला आले. काही वर्षं गाणं बंद. पुढे अधू फुप्फुसावरच त्यांनी छोट्या, वेगवान तानांची आपली गायकी उभी केली.

त्यांच्या शेजारी मला नेहमी एक सर्जन दिसतात, डॉ. वि. ना. श्रीखंडे. नागपुरात शिकले, इंग्लंडहून एफआरसीएस होऊन आले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मानद प्राध्यापक म्हणून शिकवलं, पोटाच्या शस्त्रक्रियांत नाव कमावलं. आणि हाताला कंप! '...आणि दोन हात' हे त्यांच्या आत्मकथनाचं नाव म्हणूनच मनात राहतं.

माझा भाचा मेडिकलला आहे. टाका घालताना हात थरथरला, म्हणून "सर्जरी आपलं काम नव्हे" म्हणतो. घरचेही मान डोलावतात. मी त्याला एवढंच सांगितलं, टाका हात घालतो खरा, पण पोट उघडायचं की नाही ते डोकं ठरवतं. आणि विद्यार्थ्याला शिकवायचं असतं ते हेच. उणीव कुणाला नसते? तिच्यासकट काम कसं करायचं, ते आधी शोधावं. मग हवं तर सोडावं.