भरवणाऱ्या हाताला वेळ हवा

(एका अंगणवाडी सेविकेच्या रोजनिशीतील पाने. असल्फा, घाटकोपर)

सोमवार, १६ जून २०२५

आज शाळा उघडल्या. मोठी भावंडं शाळेत गेली की धाकट्याला दिवसभर कोण बघणार, हा आमच्या टेकडीवरचा दर जूनचा प्रश्न. सुट्टीत ताई-दादा सांभाळतात. आजपासून तो आधार गेला.

वजनं घेतली. वरच्या गल्लीतला दहा महिन्यांचा मुलगा ७ किलो १०० ग्रॅम भरला. या वयाला नऊ किलोच्या आसपास हवं. दंडाची पट्टी १२.१ सेंटिमीटर, म्हणजे पिवळ्यात. साडेअकराच्या खाली लाल, साडेबाराच्या वर हिरवं. दोन महिने वाढीच्या तक्त्यावर त्याची रेषा आडवीच चालली आहे. ताप नाही, जुलाब नाहीत, लसी वेळेवर दिलेल्या. मग अडतंय कुठे? उद्या त्याच्या जेवणाच्या वेळी घरी जाऊन बसायचं.

मंगळवार, १७ जून

आई सकाळी साडेसहाला पवईला कामाला जाते. घरात आजी. वाटीत वरणाचं वरचं पाणी आणि त्यात बुडालेली चार शितं. बाळाने चार चमचे घेतले आणि मान फिरवली. आजी म्हणाली, "झालं त्याचं पोट." थोड्या वेळाने चहात बुडवलेलं बिस्किट आलं.

मी पातेल्याच्या तळातली डाळ मागून घेतली. भात बोटांनी कुस्करला, डाळ कालवली, वर चमचाभर तेल. चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये, इतकं घट्ट. बाळाने पुन्हा मान फिरवली. मी थांबले. ताटलीवर टकटक केली, कावळा दाखवला, त्याच्या हातात एक घास दिला. तो त्याने नाकाला, गालाला लावला, मग तोंडात घातला. त्यानंतर पुन्हा तोंड उघडलं. वाटी संपायला पाऊण तास लागला.

आजी बघत होती. म्हणाली, "टीचर, एवढा वेळ कुठून आणू? पाणी आलं की हंडे भरायचे असतात. गुडघे धरलेत."

इतकी वर्षं आम्ही आहार समजावत आलो. काय खायला घालायचं, ते या आजीलाही ठाऊक आहे. बाळाचं पोट मूठभर. त्याला दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, बसून भरवावं लागतं. या घरात डाळ आहे, तांदूळ आहे. बसायला माणूस नाही.

गुरुवार, ३ जुलै

या महिन्यापासून घरी न्यायचा आहार देताना फोनवर चेहरा ओळखून नोंद करायची. चेहरा आईचा नोंदवलेला आणि आई दुपारी कामावर. म्हणून वाटप संध्याकाळी सातला ठेवलं. बायका कामावरून थेट आल्या, काहींच्या हातात ओल्या छत्र्या होत्या.

त्या बाळाची आईही आली. चार घरची कामं करते. त्यातल्या एका घरी तिच्याच बाळाएवढी मुलगी आहे, तिला ही दुपारी भरवते. "ती छान जेवते माझ्या हातून," असं ती कौतुकाने सांगत होती. २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक आहे. हिची आस्थापना म्हणजे चार वेगवेगळी स्वयंपाकघरं. तिला तो कायदा लागू होत नाही.

मंगळवार, २२ जुलै

अडीच वर्षांचा एक मुलगा अजून एकही शब्द बोलत नाही. बोट दाखवतो, हाक मारली की वळतो, पण हातात सतत मोबाइल. कान तपासायला राजावाडी रुग्णालयात न्यायला सांगितलं, चिठ्ठी दिली. घर आझमगढकडचं. शेजारणीने आईला सल्ला दिला होता की घरची बोली बंद करून मुलाशी फक्त हिंदीत बोल, म्हणजे तो लवकर बोलेल. परक्यासारखं बोलायला अवघडून ती माउली गप्पच राहायला लागली होती.

तिला म्हटलं, "तुम्ही तुमच्या आईशी जसं बोलता, तसंच याच्याशी बोला." तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा २०२४ मध्ये आला. त्यातलं सारही हेच आहे: कपडे घडी करताना, लसूण सोलताना बाळाशी बोला, खेळा, त्याच्या आवाजाला उत्तर द्या. पैसे लागत नाहीत. इथेही वेळच लागतो.

मंगळवार, ५ ऑगस्ट

स्तनपान सप्ताह. खालच्या चाळीत बारा दिवसांची बाळंतीण आहे. दूध पुरत नाही म्हणून सासूने पावडरचा डबा आणलेला. बाळ दिवसातून सात-आठदा लंगोट ओला करतं, म्हणजे दूध पोटात जातंय. बाळाला कसं धरायचं ते दाखवलं: पोटाला पोट, हनुवटी छातीला टेकलेली. सासूबाईंनाच जवळ बसवलं आणि सुनेच्या पाठीशी उशी लावायला सांगितली. डबा न फोडताच परत गेला.

आईच्या दुधाची किंमत या शहराने फार आधी ओळखली होती. १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथे इतर आया आपलं दूध देतात.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून पाऊस कोसळतोय. शाळा बंद, लोकल बंद. २००० सालच्या जुलैतली आझाद नगरची दरड इथल्या जुन्या माणसांना अजून आठवते. म्हणून सकाळी भिंतीलगतच्या घरांत फेरी मारली, सगळे सुखरूप.

वरच्या गल्लीत बाळाची आई घरीच होती. कामावर जायची सोय नव्हती. संध्याकाळी पुन्हा डोकावले, तर म्हणाली, आज पाच वेळा जेवला. सकाळी नाचणीची पेज, मग उकडलेलं अंडं, दुपारी डाळभात, मध्ये केळं, आत्ता खिचडी. आणि लगेच, "दोन दिवसांचा पगार कापतील, टीचर." एका वाक्यात मुलाचा आनंद आणि दुसऱ्यात घरभाड्याची काळजी. पालकत्वाचे धडे देणाऱ्या प्रत्येकाने ही दोन्ही वाक्यं ऐकायला हवीत.

रविवार, ३१ ऑगस्ट

आज गौरी आल्या. ताराबाई मोडक गेल्या त्याला आज ५२ वर्षं झाली. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी नूतन बाल शिक्षण संघाचं काम उभं केलं. शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतं बालशिक्षण त्यांना मान्य नव्हतं. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं असत. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर तेच काम आदिवासी पाड्यांत वाढलं.

आमच्या खोलीत चिंचोके, शिंपले, बाटल्यांची झाकणं आहेत, ती त्याच परंपरेतून आली. त्या परंपरेचा दुसरा भागही घ्यायला हवा: मूल का येत नाही ते शोधायचं आणि व्यवस्था त्या कारणाप्रमाणे बदलायची. कडेवरचं भावंड आजही आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पोषण महिना कालपासून सुरू. पाककृतींचं प्रदर्शन होईल, रांगोळ्या निघतील. त्याबरोबर यंदा मातांच्या बैठकीत एकच विषय ठेवला होता: अकरा वाजता आणि चार वाजता बाळाला कोण भरवतं?

महिनाभर एक जोडणी चालली आहे. वरच्या गल्लीतल्या बाळाच्या शेजारची बाई घरी बसून नकली दागिन्यांचे मणी ओवते. तिची मुलगी दीड वर्षाची. अकराला ती दोघांनाही एकत्र भरवते. दुसऱ्या मुलाला बघून हा जास्त खातो. आजीचे दोन हंडे शेजारणीचा नवरा भरून देतो. चारचा घास शाळेतून आलेली बाळाची ताई देते, पण आधी तिचं खेळून झालं पाहिजे, ही अट मी घातली. तीही मूलच आहे.

आज वजन ७ किलो ८०० ग्रॅम. तेरा महिन्यांना हे अजून कमीच आहे, पण रेषा वर चढते आहे. तक्ता आजीला दाखवला. तिने बोटाने रेषा चढेल तशी गिरवली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा, आणि एकात्मिक बालविकास सेवा योजनेची ५० वर्षं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरुवात झाली. त्यात महाराष्ट्रातून मेळघाटातली धारणी आणि मुंबईतली धारावी होती. योजनेच्या सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. या सहा सेवांनी किती मुलं जगवली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आई कामावर असताना मुलाला सांभाळणं मात्र त्यात नाही.

ते अशक्य नाही. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं. मुंबईतही सत्तरच्या दशकापासून तशी पाळणाघरं चालली. आता केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडी आणि पाळणाघर एकत्र चालवण्याची सोय आहे.

शेजारणीच्या भल्या मनावर एक मूल तगलं. पण तिचं मण्यांचं काम वाढलं किंवा तिने घर बदललं, तर ही व्यवस्था मोडेल. मुलाचा घास कुणाच्या उपकारावर राहू नये.

म्हणून आज आम्ही अर्ज लिहिला. मागण्या तीन: टेकडीवर एक पाळणाघर, वेळ सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सहा; सांभाळायला वस्तीतल्याच दोन प्रशिक्षित बायका, त्यांना पुरेसा पगार; आणि नळाचं पाणी आत. सह्या आयांनी केल्या, आजीने अंगठा दिला. उद्या मुख्यसेविका ताईंकडे अर्ज देते आणि पोच घेते. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आम्ही सगळ्या मिळून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाणार आहोत, संध्याकाळच्या वेळी, आयांचा पगार कापला जाणार नाही अशा बेताने.