शिवणीतली माया

परवा नात आली होती. पुण्यात नवी नोकरी, खोलीचं भाडं, मेसचे पैसे... महिनाअखेर हातात फारसं काही उरत नाही. म्हणाली, "आजी, ऑफिसात सगळ्या जणी रोज काहीतरी नवं घालून येतात गं. तू नोकरीला लागलीस तेव्हा तुझ्याकडे साड्या किती होत्या?"

"सहा," मी म्हटलं. "त्यातली एक लग्नाकार्याची."

तिला खरंच वाटेना. पण खरं तेच होतं.

१९७४ साली मी साताऱ्यात शाळेत लागले. बहात्तरच्या दुष्काळाची झळ अजून घरोघरी जाणवत होती. माझ्या पगारावर दोन धाकट्या भावांचं शिक्षण चालायचं. पण वय होतं बावीस! 'बॉबी' आदल्याच वर्षी येऊन गेला होता. ठिपक्याठिपक्यांच्या कापडाला दुकानदारसुद्धा 'बॉबी प्रिंट' म्हणायचे. आपणही चार जणींत उठून दिसावं असं मलाही वाटायचंच की. पैसा नाही म्हटल्यावर डोकं चालवायचं, दुसरं काय!

रोजच्या साड्या पाच आणि शाळा सहा दिवस, हे माझ्या पथ्यावरच पडलं. सहा असत्या तर सोमवारची साडी दर सोमवारीच आली असती आणि मुलींनी साडीवरून वार ओळखला असता. पाच साड्या ओळीने फिरवल्या की दर आठवड्याला वार बदलतो. गणित असंही उपयोगी पडतं! जोडीला टू बाय टू रुबियाचे तीन ब्लाउज, काळा, पांढरा आणि मरून. ब्लाउज बदलला की जुनी साडीही नवी वाटते.

सुती साडीला भाताच्या पेजेची खळ द्यायची, घडी घालून रात्रभर गादीखाली ठेवायची. टाचेशी घासून खालचा काठ विरला, आणि साडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी असली, तर फॉल उसवून वरच्या काठाला लावायचा. विरलेला काठ मग कमरेत खोचला जातो. ही युक्ती आईच्या वळणावर गेली होती. ती लुगड्याचा विरलेला भाग कापून तुकडे जोडायची, त्याला दंड घालणं म्हणत. आणि शिंप्याला मी दरवेळी बजावायची, "आत बोटभर माया ठेवा हं."

"माया?" नातीने विचारलं.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ना, ती माया. अंग भरलं की शिवण उसवायची आणि कपडा सैल करायचा.

एकदा स्टोव्हची झळ लागून माझ्या नायलॉनच्या साडीच्या पदराला रुपयाएवढं भोक पडलं. मी त्यावर कापडाचं फूल शिवलं. एकच फूल विचित्र दिसेल म्हणून आणखी चार पदरभर विखुरली. शिक्षकांच्या खोलीत विचारणा झाली, "कुठून घेतलीत हो?" मी नुसती हसले.

इथे नात हसली, आणि मी मात्र गप्प झाले. कारण या फुलांना लागून एक आठवण आहे. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

१९८६ची गोष्ट. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी गणवेशाच्या निळ्या स्कर्टवर तांबडं फूल शिवून आली. छान बेतलेलं, पाकळ्यांना पिवळा टाका घातलेला. मधल्या सुट्टीत मुली तिच्याभोवती जमल्या, "मलाही करून दे ना!" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शाळेत शिकायला येतेस की नटायला? उद्या ते फूल दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी फूल नव्हतं. तिथे चुलीच्या ठिणगीने जळलेलं भोक होतं. ती दिवसभर दप्तर पुढे धरून वावरली. फळ्यापाशी बोलावलं तेव्हासुद्धा.

मला धरणी दुभंगावी असं झालं. घरी जाऊन निळ्या कापडाचा तुकडा शोधला, पर्समध्ये ठेवला. पण तो द्यायचा तर तिला पुन्हा चार जणींत उघडं पाडल्यासारखं झालं असतं. चार दिवस तुकडा तसाच राहिला. शेवटी शाळा सुटताना तिला एकटीला गाठून म्हटलं, "अगं, ते फूल लाव परत. छान दिसत होतं."

ती म्हणाली, "बाई, ते धाकटीच्या फ्रॉकाला लावलं."

एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी चुकले, हे दोन शब्द तेव्हाही तोंडून निघाले नाहीत.

मी केलं ते डोकं चालवणं आणि तिने केलं ते नटणं, असं मी कशाच्या जोरावर ठरवलं होतं? आपण नीट दिसावं ही इच्छा काही खिसा बघून येत नाही. उलट ज्याच्या अंगावर एकच कपडा, त्याला तो चांगला दिसण्याची गरज जास्तच असते. चैन म्हणून नाही, कुणी कीव करू नये म्हणून.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने आपला नवा कुर्ता उलटा केला आणि शिवण बघितली. आत जेमतेम दोऱ्याएवढी माया होती.

"यापुढे शिवण बघूनच घेत जा," मी म्हटलं. "आणि कुणाच्या कपड्यावर बोलायच्या आधी जरा थांबत जा. माझ्यासारखं करू नकोस."