लाईट लावले की पेट्रोल वाढायचं

आमच्या गाडीचे लाईट लावले की टाकीतलं पेट्रोल वाढायचं. पाव टाकीवरचा काटा सरळ अर्ध्यावर. शेजारचा टेंपरेचरचा काटाही वर चढायचा. लाईट बंद केले की दोघेही मुकाट्याने खाली.

ही गाडी शोरूममधली नव्हे. बाबा रत्नागिरीत तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म त्यांनी एकदा पाहिली. फायबरची बॉडी, दोन सीट, रेनोचं इंजिन. तेव्हापासून ती डोक्यात बसली. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांतही मिळायची. लोक ती घरी जोडायचे, कारण त्यात पर्चेस टॅक्स वाचायचा. आपल्याकडे असा संच कुठला? बाबांनी तो स्वतःच जमवला. भंगारातल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन, चौकोनी पाइपांची चासी आणि मिरकरवाड्यात फायबरच्या होड्या करणाऱ्या मिस्त्रींनी साच्यातून काढून दिलेली बॉडी. रस्त्यासाठी पासिंग मिळणं कठीण, म्हणून ती फक्त काकांच्या कलमांच्या बागेत धावायची.

काट्यांचं कोडं मात्र सुटेना. बाबांनी सेन्सर बदलला, टाकीतला फ्लोट बदलला, दोन्ही मीटर नवे आणले. फरक शून्य. एका संध्याकाळी पक्कड खाली ठेवून ते म्हणाले, "हात राहिला नाही रे आता." मी "असं काही नाही" म्हणालो खरा, पण त्याच रात्री ते झोपल्यावर बॅटरी घेऊन त्यांचा एकेक जॉइंट तपासत बसलो. सगळे जॉइंट पक्के होते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

काटे खोटं बोलतात असं एकदा ठरल्यावर आम्ही त्यांच्याकडे बघणं सोडलं. मग एका रात्री बागेत टेंपरेचरचा काटा टोकाला गेला आणि मी हसत गाडी चालवत राहिलो. त्या वेळी तो खरं बोलत होता. रेडिएटरचा पाइप फुटला होता. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा हेड गॅस्केट गेलं होतं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली. ती दोन महिने निघाली नाही.

ताडपत्री काढली ती मिस्त्रींनी. बॉनेटची चीर भरायला ते आले होते. डॅशबोर्डखाली डोकावून म्हणाले, "दादा, मीटरचं अर्थिंग कुठं दिलंय?"

"हे काय, बॉडीला."

"बॉडी माझी आहे. फायबरची."

बाबा तिथेच खाली बसले. पत्र्याच्या गाडीत बॅटरीकडे परतणारा करंट पत्र्यातूनच जातो, म्हणून जवळचा बोल्ट बघून वायर कसायची. तीस वर्षं त्यांचा हात तेच करत आला होता. इथे बोल्ट लोखंडी पट्टीवर होता, पण पट्टी फायबरला अडकवलेली. मग करंट चाचपडत स्पीडोमीटरच्या केबलच्या बाहेरच्या नळीतून गिअरबॉक्सकडे जात होता. लाईट लावले की डॅशबोर्डच्या बल्बांचा करंटही त्याच अरुंद वाटेने यायचा. वाट तुंबायची, मीटरचा करंट सेन्सरमधून जास्त जायचा आणि दोन्ही काटे एकदम चढायचे. होडीत असं चालतच नाही, तिथे प्रत्येक दिव्याला परतीची वायर वेगळी ओढावी लागते.

मी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल मीटरच्या अर्थिंगला, लाईट चालू. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसलं २.३.

बाबांनी जाड काळी वायर काढली, थिंबल दाबलं, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेसाठी वर ग्रीस चोपडलं आणि वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. हात जराही थरथरला नाही. पुन्हा मोजलं, ०.०४.

गॅस्केट आधीच आणून ठेवलं होतं, ते पुढच्या रविवारी बसलं. रात्री बागेत लाईट लावले. टेंपरेचरचा काटा मध्यावर स्थिर. पेट्रोलचा काटा अगदी तळाला, आणि तिथून हलेना.

बाबांनी काचेवर बोटाने टकटक केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"जा, कॅन घेऊन ये."