मागे पाहण्याची जयणा

चातुर्मासातील एक सकाळ. रात्रभर कोसळलेला पाऊस नुकताच थांबला होता. कामतघरच्या वऱ्हाळा तलावाकडून येणारा वारा ओलसर होता आणि पलीकडच्या गल्लीतील यंत्रमागांचा खडखडाट नेहमीप्रमाणे सुरू झाला होता. जवळच्या एका सोसायटीत राहणारे सुताचे एक व्यापारी पूजेची वस्त्रे परिधान करून देरासरात जाण्यासाठी खाली उतरले. वय अडुसष्ट. मोटार 2014 साली घेतलेली, पण अजून नव्यासारखी राखलेली. शेठजींनी आसनावर बसून गाडी सुरू केली, रिव्हर्स गियर टाकला, डाव्या-उजव्या आरशांत पाहिले, मान वळवून मागच्या काचेतूनही पाहिले. मागे कोणीच नव्हते. गाडी हातभर मागे सरकली असेल-नसेल, तोच वॉचमन धावत आला आणि त्याने डिकीवर जोराने हात मारला.

"शेठ, थांबा!"

ब्रेक लागला. शेठजी उतरून मागे गेले. बंपरपासून वीतभर अंतरावर त्यांचा साडेतीन वर्षांचा नातू उकिडवा बसलेला होता. आजीचे लक्ष नसताना तो आजोबांच्या मागोमाग जिना उतरून आला होता आणि सँडलचा सुटलेला पट्टा लावण्यात दंग होता. त्याने वर पाहून विचारले, "दादाजी, मी पण येऊ?"

त्या दिवशी शेठजींनी पूजा केली, परंतु मन तिथे नव्हते. केशर उगाळतानाही हात कापत होता. त्यांना राहून राहून एकाच गोष्टीचे नवल वाटत होते. त्यांनी घाई केली नव्हती. मोबाईलवर बोलत नव्हते. नियमाप्रमाणे तिन्ही बाजूंनी पाहिले होते. तरीही मूल दिसले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने गाडीला पार्किंग सेन्सर बसवून घेण्याचे सुचवले होते. तेव्हा शेठजींनी हसून उत्तर दिले होते, "चाळीस वर्षे गाडी चालवतो आहे. एक ओरखडा दाखव. बंपर वाचवण्यासाठी दोन-तीन हजार रुपये कशाला घालवायचे?" त्यांच्या हिशेबात हे उपकरण रंग आणि पत्रा सांभाळणारे होते. जागेवर नीट गाडी लावता येणाऱ्यास त्याची गरज नाही, असा त्यांचा ठाम समज होता. पुष्कळ अनुभवी चालकांचा असाच समज असतो, आणि तो अपुरा आहे.

मोटारीच्या मागच्या काचेची खालची कड जमिनीपासून बरीच उंच असते. चालकाची नजर त्या कडेवरून पुढे जाते आणि गाडीच्या मागे काही मीटर अंतरावर जमिनीला टेकते. ती नजरेची रेषा, गाडीचा मागचा भाग आणि जमीन यांच्यामध्ये जो त्रिकोण उरतो, तो चालकाला दिसतच नाही. उभा माणूस त्याच्या वर येतो म्हणून दिसतो. रांगते मूल, वाकलेली वृद्धा, झोपलेले कुत्रे त्या त्रिकोणात पूर्णपणे लपते. गाडी जितकी उंच, तितका हा न दिसणारा पट्टा लांब. आरसे बाजूचे दाखवतात, पण नेमके पाठीमागचे, खालचे दाखवू शकत नाहीत. म्हणजे येथे चालकाच्या कौशल्याचा प्रश्न नसून गाडीच्या रचनेचा आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात 2002 साली एका डॉक्टरच्या हातून हेच घडले. ते स्वतः बालरोगतज्ज्ञ होते. घराच्या आवारात गाडी मागे घेत असताना त्यांचा दोन वर्षांचा मुलगा चाकाखाली आला. तेथे डिकीवर हात मारणारे कोणी नव्हते. त्या दुःखातून त्या कुटुंबाने आणि अशाच इतर पालकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्या बालकाच्या नावाचा कायदा 2008 साली झाला आणि मे 2018 पासून त्या देशात प्रत्येक नव्या मोटारीला मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा अनिवार्य ठरला. आपल्या देशानेही पाऊल उचलले. 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीत मागचे पार्किंग सेन्सर बसवलेले असणे बंधनकारक झाले. त्याच वेळी चालकासाठी एअरबॅग, सीट बेल्टची आठवण देणारी सूचना आणि वेगमर्यादेचा इशाराही सक्तीचा झाला. तथापि त्यापूर्वीच्या असंख्य गाड्या अजून रस्त्यावर आहेत. शेठजींची गाडी त्यांपैकीच एक होती.

हे उपकरण काम कसे करते, हे समजून घेतल्यास त्याचा लाभही कळतो आणि मर्यादाही. मागच्या बंपरवर बहुधा चार लहान गोल सेन्सर असतात. रिव्हर्स गियर पडताच ते ध्वनिलहरी सोडू लागतात. सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने असलेला हा ध्वनी माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. वटवाघूळ अंधारात ज्या युक्तीने वाट काढते, तीच युक्ती येथे वापरलेली आहे. लहर मागच्या वस्तूवर आदळून परत येते आणि परतीला लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. दीड मीटरवरील वस्तूचा प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे नऊ हजारांशात परत पोहोचतो. वस्तू जवळ येऊ लागली की सूचक आवाजाचे ठोके जलद होतात आणि अगदी जवळ आल्यावर तो आवाज अखंड वाजू लागतो.

व्यापाऱ्याने येथे एक छोटा हिशेब मांडून पाहावा. ताशी 5 किलोमीटर वेगाने मागे जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 1.4 मीटर सरकते. सेन्सरचा पहिला इशारा दीड मीटरवर मिळाला, तर हाती उरतो जेमतेम एक सेकंद. कानाने ऐकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तोच संपतो. वेग ताशी 2 किलोमीटर ठेवला, तर तेच अंतर कापायला पावणेतीन सेकंद लागतात. उपकरण तेच, अंतर तेच. मूल वाचते ते चालकाने स्वतः कमी केलेल्या वेगामुळे.

त्याच आठवड्यात शेठजींनी एका जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून सेन्सर बसवून घेतले. बंपरला नेमक्या उंचीवर चार छिद्रे, डिकीत एक छोटी पेटी, रिव्हर्स दिव्याच्या तारेतून वीज आणि आत एक बझर, एवढेच काम. दोन तासांत पुरे झाले. इलेक्ट्रिशियनने जाताना सांगितलेली गोष्ट मात्र शेठजींना कामापेक्षा मोलाची वाटली. "शेठ, याच्यावर सगळा भार टाकू नका," तो म्हणाला. बारीक खांब किंवा तार याला चुकते. बंपरच्या अगदी खाली असलेला दगड याच्या टप्प्यात येत नाही. मऊ कापड आणि सुताची पोती ध्वनी शोषून घेतात, त्यामुळे प्रतिध्वनी क्षीण येतो. तिरक्या पृष्ठभागावरून लहर भलतीकडे निघून जाते. चिखल बसला तर सेन्सर आंधळा होतो, आणि पावसाचे थेंब साचले तर उगाच ओरडतो. उघडे गटार तर त्याला कळतच नाही, कारण तेथे लहर परतवणारे काही नसते. आणि बाजूने अचानक धावत आलेले मूल त्याच्या कक्षेत येईपर्यंत उशीर झालेला असतो.

तेव्हापासून त्या घराने काही नियम पाळण्यास आरंभ केला. गाडीत बसण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी घालायची. घरातील लहान मुलाचा हात कोणीतरी मोठ्याने धरला आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज गाडी सुरू करायची नाही. मागे घेताना काच खाली आणि गाणी बंद. पहिला आवाज आला की थांबायचे. 'अजून जागा आहे' असा अंदाज बांधायचा नाही. पावसाळ्यात रोज सेन्सर ओल्या फडक्याने पुसायचे आणि आठवड्यातून एकदा मागे रिकामे खोके ठेवून ते नीट वाजतात की नाही, हे तपासायचे.

येथे हा प्रसंग संपला असता. पण एका रात्री जेवताना शेठाणींनी सहज विचारले, "अहो, गोदामातल्या टेम्पोंना बसवले का?"

शेठजी म्हणाले, "आपले दोनच टेम्पो आहेत. बाकीचे भाड्याचे असतात. ते आपले नव्हेत."

"माल तर आपलाच असतो ना?"

शेठजींनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी ते पूर्णा येथील आपल्या गोदामात गेले आणि प्रथमच कार्यालयात न बसता बाहेर खुर्ची टाकून बसले. भिवंडीभोवतीच्या गोदामांत दिवसभर जे चालते, ते त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते, परंतु त्या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. टेम्पो मागे येत होता. त्याचा रिव्हर्सचा हॉर्न एका चित्रपटगीताच्या चालीवर वाजत होता. तो मागच्या माणसाला सावध करत होता, चालकाला मात्र काहीच सांगत नव्हता. एक हमाल टेम्पो आणि फलाट यांच्या मधोमध उभा राहून हाताने खुणा करत होता, "आने दो, आने दो." त्याचा पाय घसरला असता, तर त्याच्या मागे फलाटाची भिंतच होती. थोड्याच वेळात दुसऱ्या हमालाची पत्नी डबा घेऊन आली. तिच्याबरोबर एक लहानगी होती. आई बोलत उभी असताना ती टेम्पोच्या सावलीत मातीशी खेळत बसली. वय साडेतीनच असावे.

त्या महिन्यात शेठजींच्या दोन्ही टेम्पोंना सेन्सर लागले. फलाटापुढे पिवळा पट्टा आखला गेला आणि चाक पलीकडे जाऊ नये म्हणून रबरी अडसर बसले. खुणा करणाऱ्या माणसाने मागे नव्हे, तर चालकाला आरशात दिसेल असे बाजूस उभे राहावे, असा दंडक घातला गेला. भाड्याच्या टेम्पोंनाही तो लागू झाला. डबा घेऊन येणाऱ्यांसाठी आत पंख्याखाली बाकडे आले.

मुनीमजींनी खर्चाची नोंद करताना विचारले, "शेठ, कोणत्या खाती लिहू? जीवदया?"

शेठजी म्हणाले, "नाही. जीवदयेचा पैसा मुक्या जीवांचा. त्याला हात लावता येत नाही. आणि हे दान थोडेच आहे? धंद्याच्या खर्चात लिहा. सुताच्या भाड्याबरोबर."

हे उत्तर समाजातील प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे दानाची परंपरा मोठी आहे आणि ती अभिमानास्पद आहे. परंतु आपल्या कामामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येऊ नये, ही व्यवस्था करणे म्हणजे दान नव्हे. ते देणे आहे. ते चुकवून केलेल्या दानाचा जमाखर्च जुळत नाही.

पुढे पर्युषण आले. उपाश्रयात साध्वीजींनी प्रवचनात पाच समितींचे विवेचन केले. ईर्यासमिती म्हणजे पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकणे. आदान-निक्षेप समिती म्हणजे कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा पाहून, पुंजून ठेवणे. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मुळाशी ठेवले आहे, हेही त्यांनी समजावून सांगितले. जेथे प्रमाद आहे, तेथे जीव वाचला तरी दोष टळत नाही. शेठजी खाली मान घालून ऐकत होते. नातू वाचला होता. पण चाळीस वर्षांत ओरखडा न उमटल्याचा जो अभिमान त्यांनी बाळगला होता, त्यालाच प्रमाद म्हणतात, हे त्यांना त्या दिवशी उमगले.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात इरियावहियं सूत्राचा पाठ सुरू झाला. जाण्यायेण्यात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत ज्या ज्या जीवांना पीडा झाली असेल, त्याची क्षमा मागणारे हे सूत्र त्यांना लहानपणापासून पाठ होते. आजवर ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर पायाखालची मुंगी यायची, ओले गवत यायचे. चार चाकांवरचे जाणेयेणेही त्यात येते, असे कधी मनात आले नव्हते. त्या संध्याकाळी सूत्र म्हणताना त्यांना बंपरमागे बसलेला नातू दिसला, आणि टेम्पोच्या सावलीत मातीत खेळणारी ती लहानगीही दिसली.

सेन्सर जयणा पाळत नाही. जयणा माणसाने पाळायची असते. परंतु जेथे आपली दृष्टी पोहोचत नाही, तेथे दुसऱ्या साधनाची मदत घेणे हाही जयणेचाच भाग आहे. साधुसाध्वी अंधारात ओघ्याने भूमी पुंजतात, ती डोळ्यांवर विश्वास नसतो म्हणून नव्हे, तर डोळ्यांची मर्यादा ठाऊक असते म्हणून. 2019 पूर्वीची गाडी अथवा टेम्पो ज्यांच्या दारात उभा आहे, त्यांनी येत्या रविवारी एवढे काम अवश्य करावे. आणि सेन्सर असलेल्या गाडीच्या मालकांनीही गाडीभोवतीची एक फेरी सोडू नये.

कामतघरच्या त्या सोसायटीत शेठजी आता रोज सकाळी ती फेरी घालतात. नातू त्यांचा हात धरून बरोबर चालतो. फेरी पूर्ण झाली की तो मोठ्याने सांगतो, "दादाजी, मागे कोणी नाही." मग आजी त्याचा हात धरते, आणि त्यानंतरच गाडी सुरू होते.