मामा तलावाच्या पाळीवर एक रविवार

मैत्रिणींनो, भंडारा म्हटलं की तुम्हाला पितळेची भांडी आठवत असतील. पण आमच्या या मुलखाची खरी श्रीमंती पाण्याची, बरं का! भंडारा आणि गोंदिया १९९९ पर्यंत एकच जिल्हा होता. या सगळ्या भागाला तेव्हाही 'तलावांचा जिल्हा' म्हणत आणि आजही म्हणतात. नागपूरहून रायपूरच्या रस्त्याला लागलात, की भंडारा मागे टाकल्यावर लाखनी आणि मग आमची साकोली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि मध्येच ताटात आरसा ठेवावा तसं चमकणारं पाणी.

ही तळी काही निसर्गानं आयती दिलेली नाहीत. कोहळी समाजातल्या कर्त्या माणसांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी मातीच्या पाळी घालून ती बांधली. नवेगावबांधचा प्रसिद्ध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पुढे गावं मालगुजारांच्या ताब्यात, म्हणून हे मालगुजारी तलाव. मालगुजारी १९५० नंतर गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदावर नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? लोकांनी त्यातली पहिली अक्षरं उचलली आणि 'मामा तलाव' करून टाकलं.

अशाच एका मामाच्या घरी आम्ही गेल्या डिसेंबरात सोळा भाचरं घेऊन गेलो. ही भाचरं जरा वेगळी. कुणी ऐकू न येणारं, कुणी चाकाच्या खुर्चीतलं, कुणाची समज वयाच्या मागे, तर कुणी स्वमग्न, म्हणजे आपल्याच जगात रमणारं. आणि गेलो कशासाठी? तर गळ टाकून मासे धरायला!

हसलात ना? आमच्या महिला मंडळातही आधी हशाच पिकला. अमेरिकेत अशा मुलांना मासेमारीला नेणारी 'कास्ट फॉर किड्स' नावाची एक संस्था १९९१ मध्ये सुरू झाली, असं माझ्या वाचनात आलं होतं. ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये ठरवून दिला. त्या दिवशी आपल्याकडे या मुलांना सभागृहात बसवतात, पाहुण्यांची भाषणं होतात आणि शेवटी हातावर एक केळं आणि बिस्किटाचा पुडा. मुलं बिचारी कंटाळून जातात. त्यापेक्षा त्यानंतरच्या रविवारी त्यांना पाण्यावर न्यावं, असं मी सुचवलं.

लगेच तीन शंका आल्या. तुमच्याही मनात त्याच आल्या असतील. पहिली पाण्याची. "सरळ चालणाऱ्या पोरांना आपण तलावाकडे फिरकू देत नाही, आणि यांना नेणार?" दुसरी शंका आमच्या एका शाकाहारी मैत्रिणीची, "मुलांना जीव मारायला शिकवायचं का?" आणि तिसरी कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर होती : या मुलांना त्यातलं काय कळणार?

तिसऱ्या शंकेचं उत्तर आम्हाला मच्छीमार सहकारी संस्थेच्या अध्यक्षांनी दिलं. आमच्याकडे तलावातली मासेमारी ढिवर समाजाच्या अशा संस्था करतात, रोहू-कतल्याचं बीजही त्याच सोडतात. म्हणून परवानगीसाठी आधी ग्रामपंचायत आणि मग त्यांचं घर गाठलं. मी भीत भीतच मुलांची माहिती देऊ लागले, तशी काका म्हणाले, "मासा काय पोराचे मार्क पाहून गरीले लागते का, बाई?" आमच्याकडे गळाला 'गरी' म्हणतात. पुढे थोडं थांबून म्हणाले, "आमच्या गावात बी दोन पोरं हायेत तसली. त्याईले आणू का?"

आमची यादी शहरातल्या विशेष शाळेच्या पटावरून केलेली, चौदा नावांची. ही दोन मुलं कोणत्याच पटावर नव्हती. त्यांची नावं लिहिली आणि आकडा सोळा झाला.

आता तयारीचं सांगते, कारण खरा दिवस तयारीतच उभा राहतो.

वेळ निवडली ती हिवाळ्यातली सकाळ, दहा ते एक. पावसाळ्यात पाणी चढतं आणि पाळ निसरडी असते, उन्हाळ्यात उन्हाचा त्रास. काहींना फिट्स येतात, औषधांनी काहींना ऊन सोसत नाही. प्रत्येक घरी जाऊन आम्ही एक कागद भरून घेतला : औषध कोणतं आणि किती वाजता, कशाची भीती वाटते, काय खातो, लघवीला जायचं असेल तर कसं सांगतो. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, विसरू नका! एक मुलगा फक्त पांढरं खातो, म्हणून त्याच्यासाठी दहीभात. दोघांना चावता येत नाही, त्यांच्यासाठी मऊ खिचडी. तलावाजवळच्या जिल्हा परिषद शाळेचं स्वच्छतागृह मागून घेतलं आणि पाळीवर चार बांबूंना जुन्या साड्या बांधून एक आडोसा केला.

एका मुलामागे एक जोडीदार, हा नियम आम्ही मोडला नाही. मंडळातल्या बायका, त्यांचे दोन-तीन यजमान आणि कॉलेजातली मुलंमुली मिळून सोळा जोडीदार झाले. जोडीच्या मनगटावर एकाच रंगाची फीत. दर अर्ध्या तासानं शिट्टीऐवजी हात वर करून मोजणी, कारण मोठ्या आवाजानं काही मुलं बिथरतात. म्हणूनच लाऊडस्पीकर नाही, उद्घाटन नाही, हार नाहीत. बसायची जागा सांडव्यापासून आणि पाणी सोडायच्या तुडुमापासून लांब, उथळ काठाची. काठापासून चार हातांवर दोर ताणला. सगळ्यांना लाइफ जॅकेट, पाण्यात डोंग्यावर दोन पोहणारे ढिवर तरुण आणि काठावर आणखी चौघे.

गळही वेगळे केले. बांबूची हलकी काठी, तंगूस म्हणतात तो नायलॉनचा दोरा आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाच्या देठाचा तुकडा. गळाला आत एक उलटा काटा असतो, तो पकडीनं दाबून सपाट केला. त्यामुळे मासा सुटायला सोपा आणि बोटात रुतला तरी चटकन निघतो. ज्यांचे हात फार थरथरतात, त्यांच्या दोऱ्याला गळच लावला नाही, नुसती कणकेची घट्ट गोळी. मासा ती टोचतो, दोरा थरथरतो, तेवढा आनंद पुरतो. आमिषाला कणीक आणि गांडूळ. मासा काढायचं काम फक्त ढिवर तरुणांचं, कारण शिंगी लागली तर तिचा काटा विंचवासारखा झोंबतो. धरलेला मासा ओल्या हातानं तलावाच्याच पाण्यानं भरलेल्या टबात सोडायचा, मुलांनी पाहायचा आणि मग परत तलावात. शाकाहारी मैत्रिणीची शंका अशी फिटली, आणि त्या दिवशी टबापाशी सगळ्यात जास्त वेळ तीच उभी होती!

आणखी एक नियम होता, आयांसाठी. त्यांनी पन्नास पावलांवर मोहाच्या झाडाखाली सतरंजीवर बसायचं. मुलाला भरवायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, आमच्या मदतीलाही यायचं नाही. चहा आणि पोहे त्यांना जागेवर मिळतील. हा नियम ऐकून एक वहिनी माघारी जायला निघाल्या होत्या. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा, स्वमग्न, अंगात वारं भरल्यासारखा धावणारा. शाळा, दवाखाना आणि घर याखेरीज कित्येक वर्षांत त्या त्याला घेऊन कुठे गेल्या नव्हत्या. लग्नकार्यातही जात नव्हत्या. "याचा हात मी एक क्षण सोडत नाही, बाई. तुमचा कॉलेजचा पोरगा याला आवरेल?" त्यांचं म्हणणं चूक थोडंच होतं? मग असं ठरलं, की त्या मुलाला एकाऐवजी दोन जोडीदार आणि वहिनींची जागा अशी, की तिथून त्याची पाठ दिसत राहील.

सकाळी दहाला पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं. पाळीवरच्या जांभळांची सावली अर्ध्या पाण्यावर, कडेला कमळाची पानं आणि त्यातून जांभळ्या पाणकोंबड्या शेपटी उडवत चाललेल्या. लांबवर अडई बदकांचा थवा शीळ घालत उतरला, तशी एका मुलीनं टाळ्या वाजवल्या. पहिला अर्धा तास गोंधळाचा गेला. एकानं कणीकच खाल्ली. दोघांचे दोरे एकमेकांत गुंतले. चाकाच्या खुर्चीचं चाक मातीत रुतलं, ते खाली जुन्या पोत्यांच्या घड्या घालून काढलं. एक छोटी पाणी पाहून रडायला लागली. तिला कुणी समजावलं नाही. टबापाशी नेऊन बसवलं, तर थोड्या वेळानं तिनं स्वतःच पाण्यात बोट घातलं.

आणि मग गावातली ती मुलगी पुढे आली. तेरा-चौदा वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही, बोलत नाही. पण लहानपणापासून आजोबांच्या शेजारी या पाळीवर बसलेली. आमचा कॉलेजचा मुलगा सारखी काठी वर-खाली करत होता, त्याच्या हातावर तिनं चक्क चापट मारली! त्याची काठी स्थिर केली. मनगटावर दोन बोटं दाबली, म्हणजे थांब. पिसाचा तुकडा बुडाला तशी बोटं उचलली, म्हणजे ओढ. बोटभर चिलापी वर आली. पुढे ती एकेकाकडे जाऊन असंच दाखवू लागली आणि बघता बघता पाळीवर सगळ्यांची तीच भाषा झाली. चाकाच्या खुर्चीतल्या मुलानं तिच्या बोटांच्या हिशेबानं तीन मासे काढले. आम्ही तिच्यासाठी जोडीदार नेमला होता, पण तीच आम्हा सगळ्यांची मास्तरीण ठरली.

त्या वहिनी पहिल्या तासात सहा वेळा उठल्या. सातव्यांदा उठल्या त्या मात्र उभ्याच राहिल्या. त्यांचा मुलगा दोराच्या अलीकडे मांडी घालून बसला होता आणि पाण्यावरच्या त्या पिसाकडे पाहत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाऊण तास तो तसाच होता. त्याच्या गळाला एकही मासा लागला नाही, आणि त्याचं त्याला काहीही नव्हतं. वहिनी परत सतरंजीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "गरम चहा प्यायची सवयच गेली होती हो, बाई." आणि कप दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायल्या. आम्ही कुणी काही बोललो नाही.

मैत्रिणींनो, मला त्या पाळीवर एक गोष्ट उमगली. शाळेत, बाजारात, लग्नघरात ही मुलं मागे पडतात, कारण तिथे सगळ्यांना घाई असते. गळ टाकल्यावर मात्र सगळ्यांनाच थांबावं लागतं. तिथे हुशार मुलगा पुढे जात नाही आणि सावकाश चालणारा मागे राहत नाही. मासा येईल तेव्हा येईल. आपल्या घाईतून या मुलांसाठी तीन तास बाजूला काढले, तर त्यांची उणीव निम्मी होते. आणि ते तीन तास त्यांच्या आयांच्याही वाट्याला येतात.

गावातल्या त्या दोन मुलांचं पुढे काय झालं, असं विचाराल, तर तेही सांगते. अपंगांसाठी १९९५ चा कायदा होता, त्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस आहेत. ठरावीक प्रमाणाइतकं किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी आधी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचं ओळखपत्र काढावं लागतं. आमच्या मंडळातल्या दोघी त्या मुलांच्या घरच्यांबरोबर जिल्हा रुग्णालयात चार खेपा घालून आल्या. मुलीचं प्रमाणपत्र हातात आलं आहे, मुलाचं व्हायचं आहे. आजोबांना वाटतं, पोरगी शाळेत गेली तर पाळीवर कोण बसणार? त्यांची समजूत काढणं चालू आहे.

तुमच्या गावाजवळ तलाव असेल, नदीचा शांत डोह असेल किंवा एखादं शेततळं असेल. सोळा नकोत, चार मुलांपासून सुरुवात करा. चार मुलं, चार जोडीदार, दोन पट्टीचे पोहणारे. पैसे फार लागत नाहीत. बस, चहा आणि पोहे एवढाच काय तो आमचा खर्च, बाकी सगळं मागून आणलेलं. फक्त यादी करताना शाळेच्या पटावर थांबू नका. पाण्याकाठच्या वस्तीत जाऊन विचारा, "तुमच्याकडे कुणी आहे का?" कुणीतरी असतंच, आणि बहुतेक वेळा गळ धरायला तेच तुम्हाला शिकवतं.